‘लॉग वाचत बसायला वेळ कुणाला आहे?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नेटवर्क अडलं की आधी स्विचचा (ऑफिसातले संगणक केबलनं एकमेकांना जोडणाऱ्या पेटीचा) लॉग, म्हणजे त्यानं स्वतः टिपलेल्या घटनांची यादी वाचा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वापरकर्ते डोक्यावर बसलेले असताना लॉग वाचणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, स्विच रीस्टार्ट करावा आणि मोकळं व्हावं. शिवाय लॉगमधल्या वेळा आणि नोंदी धड नसतातच.

दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात तथ्य आहे आणि लेखात मी तो गाळला. सिस्को कंपनीच्या बऱ्याच कॅटॅलिस्ट स्विचांत घड्याळाला बॅटरी नसते. वीज गेली की ते पुन्हा १ मार्च १९९३ पासून मोजायला लागतं. नोंदीच्या वेळेआधी चांदणी (*) दिसली, तर त्या वेळेवर विसंबू नये. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळं जुळवणारी सोय) लावलेलं नसेल तर दोन स्विचचे लॉग शेजारी ठेवून काहीच कळत नाही. सिसलॉग सर्व्हर (सगळ्या स्विचचे लॉग गोळा करणारा संगणक) असला तरी संदेश सहसा यूडीपी पद्धतीनं, पोर्ट क्रमांक ५१४ वर जातात, त्यांना पोच नसते. अपलिंकच (स्विचला बाकीच्या नेटवर्कशी जोडणारी केबल) पडली, तर ती पडल्याची खबर नेमकी त्याच वाटेनं जाणार असते! आणि खराब केबलच्या सीआरसी चुका (वाटेत बिघडलेला डेटा) बहुतेकदा लॉगमध्ये येतच नाहीत, पोर्टचे (केबल खोचायच्या भोकाचे) काउंटर बघावे लागतात.

पण रीस्टार्टचं मात्र पटलं नाही. स्विचमधला लॉग रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत असतो. रीस्टार्ट म्हणजे पंचनाम्याआधीच जागा धुऊन काढणं.

एका कारखान्याच्या ऑफिसात सकाळी नेटवर्क आडवं व्हायचं. तिथली मंडळी स्विच दोन-तीनदा रीस्टार्ट करायची, तासाभरात सगळं सुरळीत व्हायचं आणि श्रेय रीस्टार्टला मिळायचं. एकदा आधी लॉग उतरवून घेतला. त्यात मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा हार्डवेअर क्रमांक) दोन पोर्टांमध्ये उड्या मारतोय, अशा नोंदींची रांग लागली होती. पत्ते वेगवेगळे, जोडीतला एक पोर्टही दरवेळी वेगळा, पण दुसरा कायम १९. तो मीटिंग रूमचा निघाला. टेबलाखालच्या साध्या, अनमॅनेज्ड (सेटिंग किंवा लॉग नसलेल्या) स्विचमधून एक केबल लोंबायची, आणि सकाळी झाडलोट करताना कुणीतरी तिचं मोकळं टोक त्याच स्विचच्या रिकाम्या भोकात नीट खोचून ठेवायचं. झाला लूप, म्हणजे तेच संदेश गोल गोल फिरत राहायचे. मग मीटिंगला आलेला माणूस लॅपटॉपसाठी ती उपसायचा, की नेटवर्क जागेवर. रीस्टार्टचा काडीचाही संबंध नव्हता.

‘हजारो ओळी कोण वाचणार’ म्हणालात. प्रत्येक नोंदीवर तीव्रतेचा ० ते ७ मधला आकडा असतो, आकडा लहान तेवढं प्रकरण गंभीर. फक्त ० ते ३ चाळलेत तर मात्र वरची भानगड निसटली असती. मॅक उड्या सिस्कोवर ४ मध्ये येतात, डुप्लेक्स (दोन्ही टोकांनी एकाच वेळी बोलायचं की आळीपाळीनं, ही सेटिंग) न जुळल्याची तक्रारही ४ मध्येच. मी ५ पर्यंत वाचतो.

तुमचा स्विच दर पंधरवड्याला अडकतो असं तुम्हीच लिहिलंय. पुढच्या वेळी रीस्टार्टआधी ‘शो लॉगिंग’ (लॉग दाखवणारी आज्ञा) याचं आउटपुट एका फाइलमध्ये साठवा, आयपी पत्ते खोडा आणि इथे टाका. दोन मिनिटांचं काम आहे. मग खुशाल रीस्टार्ट करा.