विंचेस्टर हाऊसचा जिना भुतांसाठी नव्हता

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरातल्या विंचेस्टर हाऊसबद्दलचा एक मजकूर व्हॉट्सॲपवर आणि यूट्यूबवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: विंचेस्टर बंदुका बनवणाऱ्या घराण्याची विधवा सून सारा हिला बोस्टनच्या एका माध्यमाने, म्हणजे मेलेल्यांच्या आत्म्यांशी बोलतो असा दावा करणाऱ्या माणसाने, सांगितले, की या बंदुकांनी मेलेल्यांचे आत्मे तुझ्या मागे लागले आहेत, त्यांच्यासाठी घर बांध, काम थांबले की तू मरशील. मग तिने 38 वर्षे रात्रंदिवस बांधकाम चालू ठेवले आणि भुतांना चकवायला छताला भिडणारे जिने, हवेत उघडणारी दारे आणि जिकडेतिकडे 13 चा आकडा ठेवला. घर खरे आहे, सुमारे 160 खोल्यांचे आहे. जिने आणि दारेही खरी आहेत. सांगितलेली कारणे मात्र टिकत नाहीत.

आधी ती 38 वर्षे. सारा विंचेस्टर यांनी सांता क्लारा खोऱ्यातली सुमारे 45 एकरांची जागा आणि तिच्यावरचे आठ खोल्यांचे शेतघर घेतले 1886 मध्ये. त्या वारल्या 5 सप्टेंबर 1922 रोजी. वजाबाकी 36 येते. ‘अखंड’ हा शब्दही खोटा आहे. 1898 मध्ये नणंदेला लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःच कळवले आहे, की दगदग सोसवेना म्हणून कामगारांना रजा दिली आणि हिवाळाभर विश्रांती घेतली. 1906 नंतर तर या घरातले मोठे काम जवळजवळ बंदच पडले आणि त्यांचा मुक्काम बहुतेक ॲथर्टन गावातल्या दुसऱ्या घरात असे. काम थांबले, तरी त्या पुढे सोळा वर्षे जगल्या.

माध्यमाची गोष्ट तर फार उशिरा जन्मलेली आहे. ‘घर पुरे झाले की आपण मरू असे मालकिणीला वाटते’ ही अफवा 1895 मध्ये सॅन होजेच्या एका वृत्तपत्रात छापून आली, तीही ‘असे म्हणतात’ या पालुपदासह. बोस्टनचा तो माध्यम, ॲडम कून्स या नावाने, मात्र 1967 च्या एका भूतकथांच्या पुस्तकात अवतरतो. सारा यांना जाऊन तोवर 45 वर्षे झाली होती. त्या काळच्या बोस्टनच्या नावनिशी याद्यांत या नावाचा माध्यम सापडत नाही.

आता जिना, कारण सगळ्यात जास्त फोटो त्याचेच फिरतात. एका जिन्याला 44 पायऱ्या आणि सात वळणे आहेत, आणि एवढे चालून माणूस चढतो किती, तर जेमतेम 9 फूट. ‘भुते गोंधळावीत म्हणून’ असे खाली लिहिलेले असते. हिशेब करून बघा. 9 फूट म्हणजे 108 इंच. भागिले 44, एक पायरी अडीच इंचांपेक्षाही थोडी कमी. घरातल्या नेहमीच्या जिन्याची पायरी सात इंचांच्या आसपास असते, म्हणजे एवढ्याच उंचीला पंधरा-सोळा पायऱ्या पुरतात. सारा यांना सांध्यांचा संधिवात होता, तो वयाबरोबर वाढत गेला. सात इंच पाऊल उचलणे अशक्य झालेल्या माणसासाठी पायरी इतकी बुटकी केली, की पाय नुसता सरकवला तरी चालेल. आणि पायरी बुटकी केली की जिना लांबतो: पाऊल ठेवायला 10 इंच धरले तरी 44 पायऱ्यांना सरळ रेषेत सुमारे 37 फूट लागतील. खोलीच्या जागेत तेवढे बसवायचे तर जिना दुमडावाच लागतो. सात वळणे तिथून आली. आपल्याकडे जुन्या वाड्यांतल्या दोरी धरून चढायच्या उभ्या जिन्यांवर म्हाताऱ्या माणसांची काय दैना होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला हा जिना एका नजरेत कळावा. घरात लिफ्टही बसवल्या होत्या, त्याही याच कारणाने.

‘छताला भिडणारा जिना आणि हवेत उघडणारे दार.’ याचे उत्तर 18 एप्रिल 1906 च्या भूकंपात आहे. त्याआधीच्या फोटोंत या घरावर सात मजली मनोरा दिसतो, तो कोसळला. हादऱ्यात लाकडी सांगाडा डुलतो आणि बराचसा तगतो, पण विटांचे धुराडे जड आणि ताठ, ते छपराच्या रेषेशी मोडते आणि खालचे छप्पर फोडते. इथे वरचे मजले पडले किंवा उतरवले गेले, घर चार मजल्यांवर आले. सारा यांनी मोडलेला भाग पुन्हा उभारला नाही. पडझड साफ केली, उघडी तोंडे बंद केली. वरचा मजला गेला, त्याच्याकडे जाणारा जिना राहिला. दारापलीकडचा भाग गेला, दार राहिले. शिवाय सारा घराचा आराखडा स्वतःच करत. सुरुवातीला नेमलेले वास्तुविशारद त्यांनी काढून टाकले होते. जुन्या भिंतीला नवी खोली जोडत गेले की बाहेरची खिडकी आतल्या खोलीत येते, हे वाढीव बांधकाम केलेल्या कोणालाही सांगायला नको.

जमिनीत बसवलेली काचही ‘गूढ’ म्हणून दाखवतात. ती वरून येणारा उजेड खालच्या अंधाऱ्या खोलीत सोडते, इतकेच. उत्तरेकडच्या काचघरात तर बघण्यासारखी युक्ती आहे: लाकडी फळ्यांच्या झडपा उचलल्या की खाली उताराची जस्ताची जमीन, झाडांना घातलेले जादा पाणी तिच्यावरून वाहून बाहेरच्या बागेला जाते. कपडे धुण्याच्या जागी टाकीतच घडवलेल्या घासण्याच्या पाट्या आहेत. इतका बारीक विचार करणाऱ्या बाईला वेडी ठरवणे अन्यायाचे आहे.

13 च्या आकड्याबद्दल थोडक्यात: तिथे काम केलेल्यांच्याच सांगण्यानुसार त्यातल्या बऱ्याच गोष्टी सारा यांच्या मृत्यूनंतर जोडल्या गेल्या. 1923 मध्ये हे घर भाड्याने घेऊन तिकीट लावून उघडले, ते जॉन ब्राऊन या जत्रेतले पाळणे आणि खेळ उभारणाऱ्या माणसाने. 1924 मध्ये जादूगार हुदिनी येऊन गेला. भूत जितके मोठे, तितकी तिकिटे जास्त.

राहिली ती ‘पापाच्या पैशाची भीती’. सारा यांची एकुलती मुलगी ॲनी 1866 मध्ये जन्मली आणि सहाच आठवड्यांत कुपोषणाने सुकून गेली. 1880 मध्ये आई आणि सासरे ऑलिव्हर गेले, मार्च 1881 मध्ये पती विल्यम क्षयाने गेले. बंदुकांनी मेलेल्यांच्या आत्म्यांची भीती सांगणारे सारा यांच्या हातचे एकही पत्र पुढे आलेले नाही. हातचा व्यवहार मात्र नोंदलेला आहे: माहेरगावी, कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला, क्षयरोग्यांच्या रुग्णालयासाठी त्यांनी 12 लाख डॉलरांहून अधिक रक्कम दिली, आणि त्याला नाव दिले विल्यम वर्ट विंचेस्टर.