सायकल ट्रॅक रिकामा का दिसतो?

पुण्यातील एका रिकाम्या सायकल ट्रॅकचे छायाचित्र आणि त्याखालचा मजकूर सध्या पुन्हा हातोहात फिरतो आहे. मजकुराचा आशय असा: ट्रॅकवर एवढा खर्च करूनही तिथे सायकली दिसत नाहीत, सायकलस्वार ट्रॅक सोडून मुख्य रस्त्यावर वाहतूक अडवतात, ट्रॅकवर आलेच, तर पादचाऱ्यांवर खेकसतात, मुळात हा मूठभर हौशी लोकांचा छंद आहे, म्हणून ट्रॅक काढून ती जागा पार्किंगला द्यावी. मी शिवाजीनगर-डेक्कन भागातून सायकलने कामावर जाते. हा मजकूर पटल्याचे सांगणाऱ्यांत माझ्या ओळखीची, विचारी माणसेही आहेत, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

छायाचित्रात ट्रॅकचा वीस-पंचवीस मीटरचा तुकडा दिसतो. सायकलस्वाराला मात्र घरापासून कामापर्यंतचे सगळे अंतर कापायचे असते आणि त्यातला एक तुकडा बंद असला, की पुढचे-मागचे चांगले तुकडेही निरुपयोगी ठरतात. माझ्या वाटेवर एका किलोमीटरच्या आत साइड स्टँडवर लावलेल्या दुचाकींची रांग, माल उतरवणारा टेम्पो, ट्रॅकच्या मधोमध उभा असलेला फीडर पिलर, म्हणजे वीजवाटपाची लोखंडी पेटी, आणि आजूबाजूच्या पेव्हर ब्लॉकपेक्षा खाली गेलेले चेंबरचे झाकण लागते, आणि चौकाच्या अलीकडे, म्हणजे संरक्षणाची सर्वांत जास्त गरज असते तिथेच, ट्रॅक संपतो. पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने 2017 मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, तेव्हा त्याचा गाभा सलग जाळे हाच होता. स्पेनमधील सेव्हिल शहराने 2006-07 च्या सुमारास अवघ्या दीड-दोन वर्षांत सुमारे 80 किलोमीटरचे एकमेकांना जोडलेले सायकल मार्ग बांधले आणि जिथे सायकल जवळपास दिसतच नव्हती, तिथे काही वर्षांतच सायकल प्रवास अनेक पटींनी वाढला. तिथले लोक काही जन्मजात सायकलप्रेमी नव्हते; त्यांना मधे कुठे उतरावे लागत नव्हते, एवढाच काय तो फरक होता.

‘ट्रॅक सोडून रस्त्यावर येतात’ या आरोपाचे उत्तर याच अडथळ्यांत आहे. ट्रॅकला उंच कर्ब, म्हणजे कडेचा उंचवटा, असला, तर त्याचा फायदा असा, की मोटार सहजी आत येत नाही. पण आत एखादी मोटार उभी असेल, तर तोच कर्ब सायकलस्वाराची कोंडी करतो. तिथे सायकल उचलून रस्त्यावर ठेवावी लागते, आणि मागून येणाऱ्या बसचालकाला हा माणूस अचानक पुढ्यात आल्यासारखा दिसतो. असा प्रसंग दोनदा अनुभवलेला सायकलस्वार तिसऱ्या दिवशी सुरुवातीपासूनच रस्ता धरतो. मोटारचालक म्हणतात, ‘दोनच मिनिटे थांबलो होतो.’ हे त्यांच्यापुरते खरेही असते. पण हिशेब करून पाहा. किलोमीटरभर अंतरात चाळीस दुकाने आहेत आणि प्रत्येकापुढे तासाभरात मिळून पाचच मिनिटे एखादे वाहन ट्रॅकवर थांबते, असे धरले, तर तासाला 200 मिनिटे होतात. म्हणजे कोणत्याही क्षणी त्या किलोमीटरवर सरासरी तीनहून अधिक वाहने उभी असतात. प्रत्येकाची सोय क्षणभराची असते, पण ट्रॅक दिवसभर बंद राहतो. केंद्र सरकारच्या 2017 च्या वाहन चालविण्याविषयीच्या विनियमांनी सायकल ट्रॅकवर मोटार वाहन चालवण्यास व उभे करण्यास मनाई केली आहे, त्यामुळे हा केवळ सौजन्याचा प्रश्न उरत नाही.

पादचाऱ्यांविषयीचा मुद्दा वेगळा आहे, आणि त्यात तथ्य असल्याचे मी मान्य करते. ताशी 15 किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला चार मीटरहून अधिक अंतर कापते; समोरचा माणूस दिसून ब्रेक दाबेपर्यंतचा वेळ धरला, तर ती थांबायला सहज सहा-सात मीटर लागतात. फोनवर बोलत कुणी बाजूला न पाहता ट्रॅकवर आले, की छातीत धस्स होते आणि त्या भीतीतून तोंडून जो शब्द निघतो, तो पुष्कळदा सभ्य नसतो. तरीही ज्येष्ठ नागरिकांच्या पाठीशी येऊन घंटी वाजवत राहणारे, किंवा ट्रॅकवरून उलट दिशेने भरधाव येणारे सायकलस्वार मी पाहिले आहेत, आणि त्यांची बाजू मी घेणार नाही.

पण तो पादचारी ट्रॅकवर येतो कशासाठी? रस्त्यांचे मानक ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर किमान 1.8 मीटर रुंदीची मोकळी जागा हवी, म्हणजे समोरासमोर आलेल्या दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील. प्रत्यक्षात झाड, विजेची डीपी, दुकानाची पायरी आणि फलक यांतून वाट काढताना चालणाऱ्याला ट्रॅक हीच मोकळी जागा दिसते. त्यातून पदपथ आणि ट्रॅक एकाच पातळीवर, एकसारख्या ब्लॉकचे आणि केवळ रंगाच्या फरकाने वेगळे केलेले असतील, तर एका पावसाळ्यात रंग गेल्यावर कुणाला कसे कळावे, की आपण कुठे चालतो आहोत? बसथांब्यापाशी तर बसमधून उतरणारी माणसे थेट ट्रॅकवर पाय ठेवतात. तिथे ट्रॅक थांब्याच्या मागून नेणे आणि ओलांडण्याची जागा स्पष्ट आखणे, हे आरेखन करणाऱ्याचे काम होते. पदपथावर बसणाऱ्या पथारीवाल्यांवर राग काढणेही व्यर्थ आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्यांच्या व्यवसायाला संरक्षण दिले आहे आणि त्यांना जागा नेमून देण्याची जबाबदारी स्थानिक यंत्रणेवर टाकली आहे. माझ्या सायकलस्वार मित्रांना मला हेच सांगायचे आहे, की आपली चिडचिड खरी असली, तरी ज्याला पदपथ मिळालेला नाही, तो आपला प्रतिपक्ष नव्हे.

‘हौशी लोकांचा छंद’ हे विधान मात्र मला मनापासून लागते. 2011 च्या जनगणनेनुसार देशात शेती आणि घरगुती उद्योग वगळून इतर कामे करणाऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के लोक सायकलने कामावर जात होते. हेल्मेट आणि रंगीत जर्सी घातलेले सायकलस्वार चटकन नजरेत भरतात. रात्रपाळी संपवून निघालेला सुरक्षारक्षक, डबे पोहोचवणारा, हँडलला पिशवी अडकवून बांधकामावर जाणारा गवंडी नजरेत भरत नाही. यांतले बरेचसे लोक दुकाने उघडण्याआधी आणि ती बंद झाल्यावर रस्त्यावर असतात, आणि ते छायाचित्र भर दुपारचे आहे.

राहिला पार्किंगचा प्रस्ताव. दोन मीटर रुंदीच्या ट्रॅकवर मोटारी एकामागे एकच लावता येतात. प्रत्येकीला पाच मीटर धरले, तर किलोमीटरभरात जास्तीत जास्त 200 मोटारी मावतील, आणि इमारतींची फाटके, बसथांबे व चौक वगळले, तर त्याहून बऱ्याच कमी. त्यांतील पुष्कळ गाड्या सकाळी येऊन संध्याकाळपर्यंत तिथेच उभ्या राहतील, आणि ज्यांच्या सोयीसाठी ही मागणी होते आहे, त्या दुकानांत खरेदीला आलेल्या माणसाला दुपारी तिथे जागा मिळणार नाही.