स्टोरेजच्या पत्त्यात लोकलहोस्ट नको
बॅक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरवरच्या लेखात त्याचे तीन डीमन, म्हणजे मागे चालणारे प्रोग्राम, छान उलगडलेत: जॉब चालवणारा डायरेक्टर, बॅकअप साठवणारा स्टोरेज आणि क्लायंटवर (ज्या मशीनचा बॅकअप घ्यायचा तिथे) चालणारा फाइल डीमन. पण एक गोष्ट राहिली. डायरेक्टरच्या कॉन्फिगमध्ये स्टोरेजचा पत्ता लोकलहोस्ट, म्हणजे ‘हेच मशीन’, असा ठेवू नका. क्लायंट त्याच पत्त्यावर, 9103 पोर्टवर थेट डेटा पाठवतो. लोकलहोस्ट दिसलं की स्वतःच्याच मशीनवर शोधत बसतो. माझी अख्खी रात्र यात गेली. क्लायंटचा 9102 पोर्ट उघडा होता, पासवर्ड दोन्हीकडे तोच, स्टेटसही नीट यायचं, तरी जॉब अडकलेलाच! सर्व्हरचं खरं नाव टाकलं आणि फुल बॅकअप सुरू झाला.

आणि कृपा करून एकदा रिस्टोर करून बघाच. आमच्याकडे तीन महिने डेटाबेसच्या चालू फाइलीच उचलल्या जात होत्या, परत आणल्यावर एक टेबल उघडेना. आता जॉबच्या आधी क्लायंटवर स्क्रिप्टने डेटाबेसचा डंप, म्हणजे फाइलमध्ये उतरवलेली प्रत, काढतो.