‘जितकं जुनं तितकं दुर्मिळ’ ही सोन्याच्या नाण्यांबद्दलची थाप

एक मजकूर बरेच दिवस फोनाफोनी फिरतोय. जुनं सोन्याचं नाणं हाती असेल तर तुम्ही मालामाल, असा त्याचा सूर. त्यातले मुद्दे थोडक्यात असे: नाणं जितकं जुनं तितकं दुर्मिळ. टाकसाळीने जितकी कमी पाडली तितकी किंमत जास्त. सोन्याला काही होत नाही, म्हणून नाण्याची अवस्था गौण. मळकट दिसलं तर चमकवून घ्या. वजन आणि कस बरोबर भरला की नाणं अस्सल. पाचांतला एकही मुद्दा साफ वेडेपणाचा वाटत नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे.

वयापासून सुरुवात करू. तांब्याचं नाणं हातोहात झिजतं, हरवतं. सोन्याचं मात्र मडक्यात जातं आणि जमिनीत पुरलं जातं. १९९३ साली जर्मनीतल्या ट्रियर गावात वाहनतळाचं खोदकाम चालू असताना रोमन सोन्याची अडीच हजारांवर नाणी एका जागी सापडली, साधारण अठरा किलो सोनं. ही नाणी अठराशे वर्षांपूर्वी पुरलेली होती. असं एक मडकं निघालं की काल दुर्मिळ असलेलं नाणं आज तितकं दुर्मिळ राहत नाही, त्याचं वय कितीही असो. उलट १९३३ची अमेरिकन वीस डॉलरची मोहर अजून शंभरीलाही पोचलेली नाही. ती ४,४५,५०० पाडली होती. त्याच वर्षी सरकारने लोकांकडचं सोनं जमा करायचा हुकूम काढला. ही नाणी चलनात आलीच नाहीत, नंतर जवळपास सगळी वितळवली गेली. खाजगी मालकीत कायद्याने ठेवता येईल असं त्यातलं नाणं आज एकच आहे.

दुसरा मुद्दा इथेच लंगडा पडतो. किती पाडली हा टाकसाळीच्या वहीतला आकडा. संग्राहकाला हवा असतो तो किती उरली याचा आकडा, आणि तो कुठल्याच वहीत नसतो. सॉव्हरिन, म्हणजे ब्रिटिशांचं एक पौंडाचं सोन्याचं नाणं घ्या. लंडनच्या टाकसाळीने १९१७ साली दहा लाखांवर सॉव्हरिन पाडले. पहिल्या महायुद्धाच्या खर्चापोटी त्यातले बहुतेक अमेरिकेला गेले आणि तिथे वितळले, असं मानलं जातं. आज ते मिळता मिळत नाहीत. मुंबईत मात्र सॉव्हरिन पडले ते एका वर्षी, १९१८ला, आणि तेही तेरा लाखांच्या आसपासच. ‘फक्त एकाच वर्षी पाडलेलं’ असं म्हटलं की विकणाऱ्याचा आवाज चढतो. पण हा सॉव्हरिन आजही सहज मिळतो, कारण तो वितळला नाही. मुंबईच्या नाण्यावर सालाच्या वर, चित्रातल्या घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर ‘आय’ हे बारीक अक्षर असतं. लंडनच्या नाण्यावर अक्षरच नसतं. म्हणून १९१७चा बिनअक्षरी सॉव्हरिन हाती आला तर उड्या मारण्याआधी त्या जागेवर भिंग धरावं. दुसऱ्या एखाद्या टाकसाळीचं अक्षर खरवडून काढलेलं असू शकतं.

अवस्थेचा मुद्दा मला सगळ्यांत जास्त खटकतो. सोनं गंजत नाही हे खरं, पण ते मऊ असतं. टाकसाळीतून निघालेली नाणी पिशव्यांत भरली जात, पिशव्या गाडीत आदळत, आणि नाणी एकमेकांवर घासत. त्यामुळे एकाही गिऱ्हाइकाच्या हातात न गेलेल्या नाण्याच्या गालावरही ओरखडे असतात. ही झीज नव्हे. झीज उंचवट्यांवर येते: राजाच्या मिशीवर, कानावरच्या केसांवर. नाणं दिव्याखाली तिरपं धरून हळूहळू फिरवलं की नव्या नाण्यावरची लकाकी चाकाच्या आऱ्यांसारखी सोबत फिरते. झिजलेल्या भागावर ती तुटते आणि तिथे नुसता मंद पिवळा रंग उरतो. हे एकदा डोळ्याला बसलं की पुन्हा फसगत होत नाही; निदान माझी तरी कमी झाली.

दर्जा सांगायला १ ते ७० अशी मोजपट्टी वापरतात. नाण्यांचे अमेरिकन अभ्यासक विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली ती अमेरिकन तांब्याच्या सेंटसाठी मांडली, सोन्याला ती पुढे चिकटली. न वापरलेल्या नाण्यांचे दर्जे ६० आणि त्यापुढचे, आणि ६२ ते ६५ या तीन पायऱ्यांत कधीकधी नाण्याचं अख्खं नशीब असतं. म्हणजे नुसतं ‘हे नाणं दुर्मिळ आहे’ हे वाक्य अपुरं. कोणत्या दर्जात दुर्मिळ, ते सांगा. तेही कायमचं नसतं. सॅन फ्रान्सिस्कोत १८५७ साली पाडलेल्या वीस डॉलरच्या मोहरा कोऱ्या अवस्थेत दुर्मिळ होत्या. त्याच वर्षी वादळात बुडालेल्या ‘सेंट्रल अमेरिका’ जहाजावरचं सोनं १९८८पासून वर यायला लागलं. त्यात याच मोहरा पाच हजारांवर निघाल्या, कितीतरी अगदी काल पाडल्यासारख्या. याची दुसरी बाजूही आहे. मोजकीच उरलेली असतील तर झिजलेल्या नाण्यालाही लोक नाक मुरडत नाहीत.

चमकवण्याबद्दल एका शब्दात सांगतो: नका. बावीस कॅरटच्या नाण्यात बाराव्या भागाइतका दुसरा धातू असतो, बहुधा तांबं, आणि त्याचे लालसर डाग पडतात. ते असू द्या. घासलं की एका दिशेने जाणाऱ्या केसांएवढ्या रेघा उठतात, आणि दर्जा ठरवणाऱ्या संस्था मग आकडा न देता ‘साफ केलेलं’ असा शेरा मारतात. कडी लावायला डाक दिलेल्या नाण्याचीही गत तीच. कडी निघते, डाकाची खूण राहते.

राहिलं वजन. सॉव्हरिन ७.९९ ग्रॅमचा, बावीस कॅरटचा. पण १९५०च्या दशकात नाण्याला आतल्या सोन्यापेक्षा जास्त भाव मिळत होता, तेव्हा लेबनॉन आणि इटलीत चांगल्या सोन्याचेच खोटे सॉव्हरिन पाडले गेले. त्यांतले कितीतरी काट्यावर बरोबर उतरतात. ते पकडायचे तर काटा बाजूला ठेवून भिंग घ्यावं लागतं: अक्षरांच्या कडा बोथट आहेत का, मोकळ्या जागेत पुळ्यांसारखे बारीक उंचवटे आहेत का, कडेवरच्या रेघा एकसारख्या आहेत का. तसा सॉव्हरिन तुमच्याकडे निघालाच, तर आतल्या सोन्याचा भाव तेवढा मिळेल.