समर्पण म्हणजे डोकं गहाण ठेवणं नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

रोजचं सगळं जगणं देवाच्या सत्तेखाली आणावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर एका वाचकांनी लिहिलंय, "ताई, शांत डोक्याने विचार केलात तर तुमचं तुम्हालाच हसू येईल. जेवणापासून पगारापर्यंत सगळं देवावर सोपवणं म्हणजे डोकं गहाण ठेवणं." लेख लांबल्याची तक्रारही आहे. शिवाय 'देवाची इच्छा' म्हणत घरात माणसांना गप्प बसवतात त्याचं काय, असा प्रश्न आहे.

लेख लांबला, मान्य. वेळेच्या वापराचा भाग निम्म्यात आटपता आला असता.

पण 'शांत डोक्याने' म्हणजे काय हो? मी लेख काय तापात बरळले होते? बाईचं म्हणणं पटलं नाही की आधी तिला शांत व्हायला सांगायचं, ही कुठली रीत? हेच एखाद्या पुरुषाने लिहिलं असतं तर 'दादा, शांत व्हा' म्हणाला असतात? मुद्दा खोडायचा तर जरूर खोडा, पण हसू कशाला मध्ये आणता?

आता डोकं गहाण ठेवण्याबद्दल. बायबलमधलं रोमकरांस पत्र, अध्याय 12. पहिलं वचन आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून देवाला अर्पण करायला सांगतं. तुमच्यासारखे वाचक तिथेच थांबतात. लगेच पुढचं वचन सांगतं की मन नवं होऊ द्या, म्हणजे देवाची इच्छा काय ते पारखता येईल. पारखायचं कोणी? डोकं गहाण टाकलेल्याने?

लूकच्या शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायातला जक्कय घ्या. जकातदारांचा मुख्य, पैसेवाला माणूस. येशू घरी आल्यावर तो उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. येशूने त्याला आकडा सांगितला नव्हता. कोणाकडून किती उकळलं ते आठवल्याशिवाय चौपट काढता येत नाही, म्हणजे हिशेब त्यालाच मांडावा लागला.

आणि हिशेबाचं मला शिकवू नका, माझी उमेदीची वर्षं त्यातच गेली. एका ठिकाणी मालकांनी हजेरीचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. कामगारांचे ओव्हरटाइमचे तास कमी करून पान नव्याने लिहायचं होतं. जुन्या पानावर कामगारांच्या सह्या होत्या, काही ठिकाणी शाईचा नुसता अंगठा. देव रविवारपुरता असता तर मी ते पान मुकाट्याने लिहिलं असतं. मी नाही म्हटलं. त्याआधी रात्रभर विचार केला होता: घर कसं चालेल, कामगारांना सांगायचं का, मालकांशी कोणत्या शब्दांत बोलायचं. नोकरी गेली. तेव्हा माझं डोकं जितकं चाललं तितकं आधी कधी चाललं नव्हतं. तुम्ही खुर्चीत बसून त्याला 'गहाण' म्हणता, याचा मला राग आला. लपवत नाही.

डच ख्रिस्ती धर्मपंडित अब्राहम कायपर 1880 साली ॲमस्टरडॅममध्ये विद्यापीठाच्या उद्घाटनाच्या भाषणात म्हणाले की, माणसाच्या जगण्यात ख्रिस्त 'हे माझं' म्हणत नाही अशी इंचभरही जागा नाही. या माणसाने ते विद्यापीठ स्थापन केलं, वर्तमानपत्र चालवलं, पुढे 1901 मध्ये तो नेदरलँड्सचा पंतप्रधान झाला. ही बिनडोकपणाची लक्षणं असतील तर तुमची व्याख्या तुम्हाला लखलाभ.

गप्प बसवण्याचं म्हणाल, तर तो माणसांचा दोष आहे. तो देवाच्या माथी मारू नका. विषय वेगळा आहे, इथे फाटे फोडत नाही. कलस्सैकरांस पत्र 4:1 एवढं उघडून बघा: मालकांनी दासांशी न्यायाने वागावं, कारण त्यांच्यावरही स्वर्गात मालक आहे.

माझ्या श्रद्धेच्या 'वयाबद्दल' शेवटी जी ओळ लिहिलीत, तिला मी उत्तर देणार नाही. पुढचा लेख पैशाबद्दल आहे. त्यावर लिहायचं तर वचन उघडून लिहा.