लेकराचा चेहरा दाखवलात, पण वेढा कुणी घातला?

सकाळी टीव्हीवर सुदानची बातमी लागली होती. हाडाला कातडं चिकटलेलं लेकरू, मागे संथ बासरी, अँकरबाईंचा गळा दाटलेला. "माणुसकी कुठे हरवली?" म्हणाल्या आणि लगेच जाहिरात. माझं डोकं फिरलं ते अजून ताळ्यावर नाही.

अहो, एप्रिल २०२३ पासून तिथं लष्कर आणि आरएसएफ नावाची निमलष्करी फौज सत्तेसाठी एकमेकांशी लढतायत. आरएसएफने एल फाशेर शहराला वर्षाहून जास्त काळ वेढा घातला. शेजारच्या विस्थापितांच्या झमझम छावणीत ऑगस्ट २०२४ मध्ये दुष्काळ जाहीर करावा लागला. पाऊस पडला नाही म्हणून नव्हे, अन्नाच्या गाड्या अडवल्या म्हणून! एवढं सांगायला किती वेळ लागतो?

आमचे काका गेले (कापूस, कर्ज, पुढचं तुम्हाला ठाऊक आहे) तेव्हा यवतमाळकडच्या आमच्या गावी एका चॅनेलचा पोरगा आला होता. काकूने बँकेची नोटीस समोर धरलेली. "हे पाहा ना भाऊ," एवढंच म्हणत राहिली. तो म्हणाला, "काकू, कागद जरा खाली घ्या, चेहरा झाकतोय."

मान्य, रडवल्याशिवाय कुणी बघत नाही. २०१५ मध्ये समुद्रात बुडून तुर्कस्तानातल्या बोद्रुमच्या किनाऱ्याला लागलेल्या आलान कुर्दी या सीरियन लेकराचा फोटो आला आणि आठवड्याभरात ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरून यांना २०,००० सीरियन निर्वासित घेऊ म्हणावं लागलं. पण मार्च २०१६ मध्ये युरोपने तुर्कस्तानशी करार करून तोच समुद्रमार्ग बंद करायला घेतला, तेव्हा कुणाचा गळा दाटला?

तिथं जीव मुठीत धरून बातम्या पाठवणाऱ्या सुदानी पत्रकारांवर माझा राग नाही. त्यांच्यापुढे हात जोडावेत. राग आहे तो इथं बसून त्यांच्या फुटेजवर बासरी चढवणाऱ्यांवर.

काकू बातमीत दिसली. पदर डोळ्याला लावलेली. नोटीस कुठेच नाही. कर्ज किती, कापसाला भाव काय मिळाला, एक अक्षर नाही. नातेवाइकांचे फोन आले, "बघून फार वाईट वाटलं." बिचारी प्रत्येकाला नोटिशीचं सांगत बसली.

त्या लेकराचा चेहरा दाखवा, जरूर दाखवा. पण आरएसएफला हत्यारं कोण पुरवतं तेही विचारा. संयुक्त अरब अमिरातीचं नाव घेतलं जातं, ते नाकारतात. मग जाऊन विचारा ना त्यांना. क्रिकेटसाठी दुबईला जाताच की.