मुलगी लवकर ‘उजवली’ की कुमारवयातली गर्भधारणा टळते?

एकच संदेश गेल्या काही महिन्यांत तीन वेगवेगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर आला. “शाळेत नको ते शिकवायला लागले, हातात मोबाइल आले, म्हणून कुमारी माता वाढल्या. आपल्या आज्या-पणज्या तेराव्या-चौदाव्या वर्षी संसाराला लागल्या, त्यांचं काय बिघडलं? गर्भपात केला की कूस कायमची बंद होते. मुलगी वयात आली की उजवून टाका.” उजवणं म्हणजे लग्न लावून देणं. पाठवणाऱ्यांत माझी जवळची माणसं आहेत. त्यांना मुलींचं भलंच हवंय, म्हणून रागावून गट सोडण्याऐवजी लिहिते आहे.

आधी ‘वाढल्या’ हा शब्द घेऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या किती मुली आई झाल्या आहेत किंवा गरोदर आहेत, याची नोंद होते. २००५-०६ मध्ये देशात हे प्रमाण १६ टक्के होतं, २०१५-१६ मध्ये ७.९ आणि २०१९-२१ मध्ये ६.८. मोबाइल घराघरांत पोचला तो याच वर्षांत. अविवाहित मुलींची गर्भधारणा अशा सर्वेक्षणात पुरती सापडत नाही, घरचे ती लपवतात, हे मला मान्य आहे. पण जे सापडतं, त्यातल्या बहुतेक मुली विवाहित असतात. म्हणजे संदेशात उपाय म्हणून जे सांगितलंय, तेच सगळ्यात मोठं कारण आहे.

२०१९-२१च्या याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. परभणीत हे प्रमाण ४८ टक्के, बीडमध्येही चाळिशीच्या वर. हे ऊसतोडीचे जिल्हे. तिथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ होतो आणि मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) त्या जोडीवर मिळते. हंगामात आईबाप पाच-सहा महिने उसाच्या फडावर. वयात आलेल्या मुलीला गावी म्हाताऱ्या आजीजवळ ठेवावं तर जिवाला घोर, बरोबर न्यावं तर तिथल्या कोपीला (झोपडीला) धड दार नसतं आणि शाळाही सुटते. मग हंगामाआधी लग्न लावलं की काळजीही मिटते आणि जावयाचा कोयताही पुरा होतो. पुढे वर्षाच्या आत ‘पाळणा कधी हलणार’ हे सुरू होतं, आणि सोळा वर्षांची सून ‘आत्ता नको’ म्हणू शकत नाही. यात मोबाइल कुठे आला? देशभराच्या याच सर्वेक्षणात अजिबात न शिकलेल्या मुलींमध्ये लहान वयात गरोदर राहण्याचं प्रमाण १८ टक्के आहे, बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्यांमध्ये ४ टक्के. सातवीनंतरची शाळा लांब असणं, गावाला वेळेवर एसटी नसणं, याही गर्भधारणेच्या जोखमीच्याच गोष्टी आहेत.

आज्या-पणज्यांचं काही बिघडलं नाही, असं आपण म्हणू शकतो, कारण आपण वाचलेल्यांची नातवंडं आहोत. पहिल्याच बाळंतपणात गेलेल्या मुलींच्या आठवणी सांगायला मागे कोणी उरलं नाही. कलकत्त्याच्या फुलमणी दासीचं वय जेमतेम दहा-अकरा होतं. नवऱ्याने केलेल्या संभोगात रक्तस्राव होऊन ती मेली, आणि तिच्या मृत्यूने संभोगाला संमती देण्याचं किमान वय ठरवणाऱ्या १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याला जोर मिळाला. त्या कायद्यानेही वय वाढलं ते दहावरून बारावर, इतकंच. शरीर आजही तेच आहे. कोवळ्या वयात कटिर (ओटीपोटाचा हाडांचा सांगाडा) पुरतं वाढलेलं नसतं, बाळ अडतं. रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका जास्त, बाळ कमी दिवसांचं आणि कमी वजनाचं होण्याचाही. त्यात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे.

लैंगिक शिक्षणाबद्दल थोडक्यात. र. धों. कर्व्यांनी संततिनियमन आणि लैंगिक शिक्षणाचा प्रचार करणारं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं १९२७ साली, तरी २००७ मध्ये महाराष्ट्राने शाळांतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. इंग्लंडने १९९९ मध्ये उलट वाट धरली. वर्गात नीट माहिती आणि तरुणांना सहज जाता येतील असे दवाखाने, या दोन्हींवर भर दिला. १९९८ ते २०१८ या काळात तिथली अठराच्या आतल्या मुलींची गर्भधारणा साठ टक्क्यांहून जास्त घटली. ज्या मुलीला कुणी काही सांगितलेलं नसतं, तिला पाळी चुकल्याचा अर्थ कळायलाच तीन-चार महिने जातात.

आणि तो उशीरच गर्भपाताच्या वेळी नडतो. प्रशिक्षित डॉक्टरकडे वेळेत केलेल्या गर्भपाताने सहसा कूस बंद होत नाही. धोका असतो तो भोंदूकडे केलेल्या गर्भपातानंतर होणाऱ्या जंतुसंसर्गाचा, किंवा किती आठवडे झालेत हे न तपासता दुकानातून आणलेल्या गोळ्यांचा. १९७१पासून आपल्याकडे गर्भपात कायदेशीर आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीला पालकांच्या लेखी संमतीने आणि दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत तो करता येतो. पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं, या भीतीने घरचे मागे फिरतात. पण मुलीने आणि पालकांनी सांगितलं तर त्या माहितीत तिचं नाव-गाव देण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. हे किती घरांत माहीत आहे?

‘उजवून टाका’ म्हणणाऱ्यांनी आणखी एक समजून घ्यावं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानंतर अठराखालच्या बायकोशी संबंध हाही बलात्कारच धरला जातो. लग्न झालेली सोळा वर्षांची गरोदर मुलगी दवाखान्यात आली तरी पोलिसांना कळवावंच लागतं, आणि गुन्हा नवऱ्यावर दाखल होतो. तो टाळायला सासरचे तिला उशिरा आणतात आणि वय विचारलं की १९ सांगतात. कार्डावर १९ लिहिलं जातं, आणि कोवळ्या वयाच्या बाळंतपणासाठी घ्यायची जादा काळजी तिच्या वाट्याला येतच नाही.